विहिरीत मऊ पाठीचं कासव सोडावं की नको? (खानापूर, बेळगाव, निपाणी भाग)

शिवारवाट
खानापूरच्या पश्चिमेला रोप लावणीसाठी चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागं एखादं मऊ पाठीचं कासव हमखास वर येतं. मग बांधावर चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, घरच्या विहिरीत सोडा, पाणी निवळ राहतं. दुसरा म्हणतो, फॉरेस्टवाल्यांना कळलं तर केस होईल. तिसरा म्हणतो, जिथलं तिथं राहू दे.

मला तीन गोष्टी नीट कळून घ्यायच्या आहेत. कासवामुळं विहिरीचं पाणी खरंच स्वच्छ राहतं का? विहिरीत ते जगतं का? आणि विहिरीत नाही, तर सोडायचं कुठं? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

पाणवठा
पुढचं सगळं ओळखीवर अवलंबून आहे, म्हणून आधी कासव कुठलं ते नक्की करा.

आपल्याकडच्या खाचरात, ओढ्यात आणि तळ्यात मऊ पाठीचं म्हणून जे सापडतं ते बहुतेक वेळा लिसेमिस पंक्टाटा, म्हणजे फ्लॅपशेल. शास्त्रात त्याची नोंद १७८९ सालची, बोनातेर या फ्रेंच अभ्यासकाची. मोठं कासव साधारण २५ ते ३० सेंटिमीटर भरतं आणि मादी नरापेक्षा मोठी असते. पाठ मातकट हिरवी किंवा तपकिरी. वरून गुळगुळीत कातडी, खाली हाड. उत्तर भारतातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, दक्षिणेतल्याची पाठ बहुधा साधी. नाक लहानशा नळीसारखं पुढं आलेलं. प्रत्येक पायाला तीनच नखं.

पक्की खूण पोटाकडून दिसते. मागच्या पायांच्या जागी कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत ओढला की झडप खाली येते आणि पाय दिसेनासा होतो. पोटाची पुढची बाजूही वर उचलली जाते, त्यामुळं डोकं आणि पुढचे पाय झाकले जातात. पेटीचं झाकण लावल्यासारखं. खूण बघायला क्षणभरच उचला, पालथं घालून ठेवू नका.

नराची शेपटी लांब आणि जाड असते, मादीची आखूड.

तिसरं गेट
पाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. विहिरीत कासव असणं ही पाणी जिवंत असल्याची खूण, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. पाण्यात काही बिघाड झाला की कासव आधी वर येतं आणि माणूस सावध होतो. शिवाय मेलेला बेडूक, पडलेला किडा ते खाऊन टाकतं. हे सगळं खोटं म्हणायचं का?

पाणीतपासणी
@तिसरं गेट, खाण्याचं म्हणता ते खरं आहे. फ्लॅपशेल बेडूक, मासे, गोगलगायी, खेकडे, किडे खातं, पाणवनस्पती खातं, मेलेलं जनावरही खातं. पण पोटात गेलेलं नंतर विष्ठा होऊन त्याच पाण्यात पडतं. कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि कासव वरून ठणठणीत दिसतं. साल्मोनेलानं माणसाला जुलाब, ताप, उलट्या होतात, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास. पाणी नितळ दिसणं वेगळं आणि पिण्याजोगं असणं वेगळं.

पिण्याच्या विहिरीला ब्लीचिंग पावडर लागतेच. हिशेब असा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ३.१४ नं गुणा आणि ४ नं भागा. उत्तर घनमीटरमध्ये येतं. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि दर १००० लिटरला चांगली पावडर २.५ ग्रॅम. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली चुन्याचा गाळ बसतो तो टाकून द्या. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वरखाली हिसके देत फिरवा. निदान एक तास पाणी उपसू नका. संध्याकाळी केलं तर सकाळपर्यंत उत्तम.

आता हेच क्लोरिन कासवाच्या डोळ्यांना आणि कातडीला झोंबतं. त्याला तिथून निघायला वाटही नसते. म्हणजे विहीर पिण्याची असेल तर कासव नको, आणि कासव असेल तर ते आधी बाहेर काढा, मग पावडर.

सुपीक माती
डासांच्या अळ्यांसाठी म्हणून कासव सोडत असाल तर त्यासाठी गप्पी मासे आहेत. मोठं कासव अळ्या टिपत बसत नाही.

पाणवठा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. विहिरीत ते लगेच मरत नाही, म्हणून लोकांना वाटतं की सुखात आहे. फ्लॅपशेलला काय काय लागतं ते पाहा. श्वासाला वर यावं लागतं. मऊ पाठीच्या कासवांना कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून पाण्यातला थोडा प्राणवायू घेता येतो, पण तेवढ्यावर भागत नाही. बुडून बसायला मऊ चिखल लागतो. उन्हाला येऊन बसायला काठ लागतो. मादीला अंडी घालायला जमीन लागते. दगडानं बांधलेल्या, सरळ भिंतीच्या विहिरीत यातलं श्वास सोडून काहीच मिळत नाही. मादीची अंडी पाण्यात पडतात आणि वाया जातात.

पायऱ्यांची जुनी बारव असेल, कासव आपल्या पायानं आत-बाहेर करत असेल, तर तो वेगळा विषय. तिथं हात लावायची गरज नाही.

कृष्णाकाठ
अथणी, रायबाग, चिक्कोडीकडच्या लोकांसाठी पुरवणी. कृष्णा आणि दूधगंगेसारख्या मोठ्या पात्रात मऊ पाठीचं कासव दिसलं तर फ्लॅपशेलच असेल असं धरून चालू नका. लीथचं कासव, निल्सोनिया लीथी, दक्षिणेतल्या मोठ्या नद्यांचं आहे. ग्रे यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं. ते फ्लॅपशेलच्या दुपटीपेक्षा मोठं होऊ शकतं, पाठीची लांबी ६० सेंटिमीटरच्या पुढं जाते. मागच्या पायांवर झडपा नसतात. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यासारखे गोल ठसे असतात, वय वाढेल तसे ते पुसट होतात. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेच्या नोंदीत हे अतिसंकटग्रस्त यादीत आहे, फ्लॅपशेल असुरक्षित यादीत. जाळ्यात लीथचं कासव आलं तर एक मिनिटही वाया घालवू नका, जाळं कापावं लागलं तर कापा.

जाळ्यात कासवं मरतात ती बहुतेक बुडून. रात्रभर पूर्ण पाण्याखाली ठेवलेलं जाळं म्हणजे श्वास कोंडणं. सापळ्याचं तोंड किंवा वरचा भाग वीतभर पाण्याबाहेर राहील असा बांधला तरी कासव सकाळपर्यंत जिवंत सापडतं. गळ गिळलेला असेल तर दोरा ओढू नका. ओढलं की गळ आतून फाडत येतो. दोरा एक वीत बाहेर ठेवून कापा आणि जनावरांच्या डॉक्टरकडं न्या.

चिखलणी
ट्रॅक्टरवाल्यांसाठी लिहितो. केजव्हील (चिखलातलं लोखंडी जाळीचं चाक) लावून चिखलणी करताना बाहेरून आत गोल फिरण्याची सवय असते. त्यानं बेडूक, कासव, खेकडे सगळे मध्ये कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. उलट करा. मधून सुरू करा आणि बाहेर बांधाकडे या. पहिली फेरी हलक्या गियरमध्ये, रोटाव्हेटर उचलून, नुसत्या चाकांची. कासव कंपन ओळखतं आणि बांधाकडे सरकतं. पाणी सोडल्यावर लगेच यंत्र घालू नका, रात्रभर पाणी राहू द्या. भिजल्यावर चिखलात दडलेलं कासव आपोआप हलायला लागतं.

पातं लागून पाठ फुटलीच तर स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा आणि ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. हळद-तेल भरू नका, ते चिकटून बसतं आणि डॉक्टरला जखम दिसत नाही. फेविक्विक तर मुळीच नको. जखम उघडी असताना पाण्यात सोडू नका.

मलप्रभा
धागा विहिरीचा आहे, पण आपल्याकडे कासवं जास्त मरतात ती उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढताना, म्हणून हे इथंच लिहिते. मार्च ते मे तळी आटतात. फ्लॅपशेल त्या वेळी पळून जात नाही, ओल टिकून असलेल्या चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि अंगातल्या चरबीवर पावसापर्यंत निभावतं. नेमकं तेव्हाच जेसीबी येतो. वरून जमीन कोरडी, भेगाळलेली दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. बकेटचे दात सरळ पाठीतून जातात, नाहीतर कासव मातीबरोबर ट्रॉलीत भरलं जातं आणि वीटभट्टीवर किंवा उसाच्या रानात जाऊन पडतं.

उपाय कठीण नाही, पंचायतीत आधी बोलावं लागतं एवढंच.

तळ्याचा पाणी येण्याचा कोपरा, जिथं लव्हाळा आणि पाणकणीस वाढतं, तो यंदा सोडा आणि पुढच्या वर्षी करा. सगळं तळं एकाच हंगामात खरवडू नका. बाकीच्या भागात माती एका घासात मीटरभर न उचलता वीतभराचा थर सोलत जा, शक्य असेल तर दात नसलेल्या सपाट बकेटनं. उचललेली माती सरळ ट्रॉलीत न टाकता आधी बाजूला पसरायची, दोन माणसांनी काठीनं चाळून बघायची, मग भरायची. काम थोडं लांबतं, डिझेल थोडं जास्त जातं. कंत्राट ट्रॉलीवर दिलं तर हे कोणीच करणार नाही, दिवसावर द्या.

सापडलेलं कासव सुस्त असतं, मेलंय असं वाटतं. मागचा पाय हळूच ओढून बघा, आत घेतं की नाही. जिवंत असेल तर राखून ठेवलेल्या कोपऱ्यात सावलीला हातभर रुंद खड्डा करून ओल्या चिखलात ठेवा आणि वर पाला टाका. ते स्वतःच खाली जातं. खोल पाण्यात फेकू नका. इतके दिवस पडून असलेल्या जिवाला पोहून वर यायला ताकद लागते.

तिसरं गेट
हे माहीत नव्हतं. गाळ काढणं म्हणजे तळ्याचं भलंच, असंच समजत होतो.

मलप्रभा
भलंच आहे हो काका, गाळ काढायलाच हवा. थर आणि कोपरा तेवढा सांभाळायचा.

ऊसपट्टा
कृषी होंड्याचं, म्हणजे शेततळ्याचं, कुणी लिहिलं नाही. हुक्केरी, गोकाक भागात प्लास्टिक अंथरलेले होंडे गावोगाव झालेत. कासव, साप, मुंगूस, कुत्र्याची पिल्लं पाण्याला जातात आणि घसरून आत पडतात. प्लास्टिकवर नख रुतत नाही. कासव कडेकडेनं फिरत राहतं, शेवटी दमून बुडतं.

दोन कामं करा. एक, चढायला पट्टा. काथ्याची जुनी चटई किंवा गोणपाट शिवून दोन फूट रुंद पट्टा करा. वरच्या टोकाला काठाबाहेर मीटरभर येईल असा घेऊन दोन खुंट्यांना बांधा, खालचं टोक तळापर्यंत सोडा. दर दीड फुटावर काथ्याची जाड दोरी आडवी शिवा, तीच पायरी. खालच्या टोकाला वाळूची पिशवी बांधा, दगड नको, प्लास्टिक फाटतं. चौकोनी होंड्याला समोरासमोर दोन पट्टे तरी हवेत, कारण कासव कडेनं फिरतं आणि फिरता फिरता पट्टा लागतो. गोणपाट वर्षभरात कुजतं, पावसाआधी बदला. नायलॉनची जाळी पट्टा म्हणून लावू नका, पाय आणि मान अडकते.

दुसरं, कुंपणाच्या खालच्या फूटभराला एक इंची भोकांची तारेची जाळी लावा आणि तिचा खालचा काठ अर्धा फूट मातीत पुरा. पुरला नाही तर खालून उकरून आत जातं.

बांध
अंड्यांबद्दल. मादी पाण्याजवळच्या मऊ, थोड्या उंच मातीत वीतभर खड्डा करते, म्हणजे आपला बांधच. अंडी पांढरी, गोल, टेबलटेनिसच्या चेंडूपेक्षा लहान, सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाची. कवच टणक. एका वेळी दोन-चार ते चौदा-पंधरा. गर्भाची वाढ मध्येच थांबून राहू शकते, त्यामुळं पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात. दोन महिने झाले, काही आलं नाही, म्हणून अंडी खराब झाली असं समजून फेकू नका.

बांध धरताना अंडी उघडी पडली तर शक्यतो तिथंच माती लोटून झाका आणि काठी रोवून खूण करा. हलवणं भागच असेल तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारा आणि फुली वरच राहील अशी ठेवा. आतला गर्भ कवचाला वरून चिकटलेला असतो, अंडं फिरवलं की तो सुटून मरतो. कोंबडीखाली ठेवायचा विचारही नको, कोंबडी अंडी फिरवते.

वडगाव_पेठ
"वीस नख्यांचं कासव" म्हणून जे पैसेवाले शोधत फिरतात त्यांच्याबद्दलही लिहा. त्यापायी कासवं पकडली जातात.

पाणवठा
@वडगाव_पेठ, फ्लॅपशेलला पायाला तीन म्हणजे एकूण बारा नखं. विहिरी-ओढ्यातलं काळं, टणक पाठीचं, पाठीवर तीन उभे कणे असलेलं कासव आहे त्याला पुढं पाच-पाच, मागं चार-चार, म्हणजे अठरा. नखं मोजून धन मिळत नाही, तुरुंग मिळतो. असं कुणी विचारत आलं तर त्याला जागा सांगू नका, फॉरेस्टला सांगा.

दुकानातून आणलेलं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं हिरवं कासव मोठं झालं की किल्ला तलावात किंवा नदीत सोडायचं नाही, हेही लक्षात ठेवा. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याचं आहे. इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा घेतं, रोगही आणतं.

सीमारेषा
कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, फ्लॅपशेल पहिल्या परिशिष्टात. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तिथंच आहे. पकडणं, पाळणं, विकणं, खाणं सगळं गुन्हा. शिक्षा किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि दंड किमान २५,००० रुपये. घरच्या विहिरीत आणून कोंडून ठेवणंही पाळण्यातच धरलं जाऊ शकतं. शेतात जखमी सापडलं तर कर्नाटक वन खात्याचा क्रमांक १९२६. कन्नडमधून बोलायचं तर "आमे सिक्किदे" एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळतं. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि जवळची खूण सांगा.

शिवारवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आता उलटा प्रश्न: विहिरीत आधीच सोडलेलं असेल तर काढायचं कसं? पाणी वीस फुटांवर, भिंत सरळ.

ऊसपट्टा
बुट्टी आणि तीन दोऱ्या. बुट्टी रुंद तोंडाची, वेताची किंवा बांबूची, कासव आत सपाट बसेल एवढी. काठाला सारख्या अंतरावर तीन दोऱ्या बांधून वर एका गाठीत घ्या, म्हणजे बुट्टी कलत नाही. तळात एक दगड बांधा, नाहीतर तरंगते. मेलेला मासा किंवा कोंबडीचं आतडं फडक्यात बांधून मधोमध शिवा. मोकळं ठेवलं तर कासव तोंडात धरून निघून जातं. संध्याकाळी बुट्टी पाण्याखाली हातभर सोडा आणि दोरी काठावर बांधा. विहिरीवर वाकून बघत बसू नका, सावली पडली की ते खाली जातं. बॅटरी मारायची असेल तर लांबून आणि तिरकी. आत आलं की पहिली ओढ सावकाश, काठ पाण्याबाहेर आला की मग न थांबता वर.

गळ टाकून काढू नका. मोटर लावून विहीर कोरडी करायची असेल तर पाइपच्या खालच्या टोकाच्या फुटव्हॉल्व्हला जाळी आहे ना ते आधी बघा.

पाणवठा
वर आल्यावर: डोक्यावर ओलं फडकं टाका. दोन्ही हातांनी मागच्या पायांच्या पुढं, पाठीच्या दोन्ही कडांना धरा. मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब आहे, मागं वळून चावतं, म्हणून पुढच्या अर्ध्या भागाला हात नको. शेपटीला धरून लोंबकळत नेऊ नका. न्यायला भोकं पाडलेलं प्लास्टिकचं क्रेट, तळाला ओलं गोणपाट. पाणी भरलेल्या बादलीत नेऊ नका, हिसके बसतात आणि त्याला पाय टेकवता येत नाहीत. नंतर हात साबणानं धुवा.

शिवारवाट
आणि सोडायचं नेमकं कुठं? मूळ प्रश्नातला तिसरा भाग राहिलाय.

मलप्रभा
चिखलणीत सापडलं असेल तर त्याच शिवारातला ओढा, ओहोळ किंवा तळं. गाडीत घालून राकसकोपला किंवा हिडकल धरणावर नेऊ नका. धरणाचं खोल, दगडी काठाचं पाणी त्याच्या सोयीचं नाही, आणि एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात जातो. विहिरीतलं असेल आणि कुठून आणलं ते माहीत नसेल तर आधी १९२६ ला सांगा, मग त्यांच्या सांगण्यानुसार.

जागा अशी बघा: काठ उताराचा, कडेला लव्हाळा किंवा गवत, तळाला चिखल, जवळ कपडे धुण्याचा घाट नाही, कीटकनाशकाचे डबे धुवायची जागा नाही. वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. क्रेट पाण्यापासून दोन हातांवर ठेवा, आडवं करा आणि बाजूला व्हा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं ते झडपा मिटून बसून राहील. मग नाकाची नळी बाहेर येईल, मान येईल, आणि पाणी कुठं आहे ते त्याचं त्याला कळेल. उचलून पाण्यात टाकू नका, चालत जाऊ द्या.

शिवारवाट
ओढ्याकाठचा लव्हाळ्याचा भाग आहे, उतारही आहे. फवारणीचे पंप मात्र तिथंच धुतात. ते आधी वरच्या बांधाकडं हलवायला सांगतो, मग क्रेट नेतो.